तो तसा चांगला आहे गं, पण…

रात्री हात उचलतो, सकाळी रडून माफी मागतो. तरीही त्याला सोडवत नाही. या गाठीला मानसशास्त्रात नाव आहे, 'ट्रॉमा बॉण्ड'. ती सैल कशी होते हे समजून घ्यायचं असेल, तर जरा चंद्रपूर-गडचिरोलीकडे बघा.

"तो तसा चांगला आहे गं, फक्त राग आला की…"

हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलंय. ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये, लेडीज डब्यात, रात्री एक वाजता आलेल्या फोनवर. कदाचित तुमच्याच तोंडून. पुढचं सगळं पाठ असतं. 'कामाचं टेन्शन आहे ना त्याला', 'लहानपणी त्याच्यावर खूप अन्याय झालाय', 'मीच जरा जास्त बोलले'. आणि शेवटी, 'पण प्रेम खूप करतो माझ्यावर.'

आता हेच वाक्य पुण्या-मुंबईतून उचला आणि थेट चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या एखाद्या गावात नेऊन ठेवा. भाषा बदलेल, अर्थ नाही. 'माणूस चांगला आहे जी, पेला का मंग तसा करते.' इथे राग नाही, दारू आहे. पण हिशोब अगदी तोच. नवऱ्याचे दोन भाग पाडायचे, एक खरा आणि एक खोटा. जो मारतो तो खोटा. जो सकाळी डोळे खाली घालून चहा पितो, तो खरा. आणि त्या खऱ्याची वाट बघत आयुष्य काढायचं.

ही वाट बघणं म्हणजेच ट्रॉमा बॉण्ड. शब्द सध्या फारच स्वस्त झालाय. दोन माणसांनी एकमेकांना आपापली दुःखं सांगितली आणि जवळीक झाली, तर त्यालाही लोक ट्रॉमा बॉण्ड म्हणतात. ते चुकीचं आहे. जो माणूस आपल्याला दुखावतो, त्याच्याशीच पडलेली घट्ट गाठ, असा याचा अर्थ. डॉक्टरांच्या पुस्तकात हा काही स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला नाही. गाठ मात्र खरी आहे, आणि तिच्यावर अभ्यासही झालाय.

गाठ बसते कशी?

१९७९ मध्ये लेनोर वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मार खाणाऱ्या बायकांशी बोलून एक चक्र मांडलं. आधी घरात ताण साठत जातो. मग स्फोट होतो. आणि त्यानंतर येतो 'हनिमून'. माफी, अश्रू, गजरा, नवा ड्रेस, 'पुन्हा नाही होणार' अशी शपथ. काही दिवस सगळं छान. मग पुन्हा ताण. सगळ्याच घरांत हे चक्र असंच फिरतं असं नाही, पण ज्यांच्याकडे फिरतं त्यांना ते वाचताक्षणी ओळखू येतं.

दोन वर्षांनी, १९८१ मध्ये, कॅनडातल्या डोनाल्ड डटन आणि सुझन पेण्टर यांनी या ओढीला 'ट्रॉमॅटिक बॉण्डिंग' असं नाव दिलं. त्यांच्या मते गाठ बसायला दोनच गोष्टी पुरतात. एक, दोघांमध्ये ताकदीचा मोठा फरक. ताकद म्हणजे नुसते दंड नव्हेत. पैसा कुणाच्या हातात, घर कुणाच्या नावावर, निर्णय कोण घेतं, हे सगळं त्यात आलं. आणि दोन, त्रास अधूनमधून होणं. रोज नाही, अधूनमधून!

इथेच सगळी गोम आहे. रोज उठून छळ करणाऱ्या माणसावर कुणी जीव लावत नाही. पण जो कधी मारतो आणि कधी कुशीत घेतो, त्याच्यापासून मन सुटत नाही. बी. एफ. स्किनर या शास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग याच जातीचे. प्रत्येक टोचीला दाणा मिळत असेल आणि एके दिवशी तो बंद झाला, तर कबुतर लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी मिळतो आणि कधी नाही असं असेल, तर ते बिचारं टोचतच राहतं. विदर्भात सट्टापट्टी लावणाऱ्या माणसाला हे सांगायला स्किनर लागत नाही. रोज हरणारा थांबतो. महिन्यातून एकदा जिंकणारा घर विकेपर्यंत थांबत नाही.

वर आणखी एक गंमत. ज्याने घाबरवलं, तोच जवळ घेतो. भीतीही त्याच्याकडून आणि दिलासाही त्याच्याचकडून. जीव भांड्यात पडल्यावर जे बरं वाटतं, ते आपण प्रेमाच्या खात्यावर जमा करतो. खरं तर ती फक्त सुटका असते, तीही चार दिवसांची.

पगाराचा दिवस

चंद्रपूर म्हटलं की आपल्याला ताडोबाचा वाघ आठवतो आणि वीकएण्डची सफारी. पण हा जिल्हा कोळशाच्या खाणींचा आहे, औष्णिक वीज केंद्राचा, बल्लारपूरच्या पेपर मिलचा, सिमेंटच्या कारखान्यांचाही आहे. म्हणजे पगाराच्या तारखेचा. शेजारचा गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झाला. तिथे धान, तेंदूपत्ता, मोहफूल आणि मैलोन्‌मैल जंगल. दोन जिल्ह्यांची तोंडं वेगळी, पण घराघरातली तक्रार एक. हातात पैसे आले की बाटली, आणि बाटली आली की रात्र.

दारू या गाठीत नेमकं काय करते? ती 'अधूनमधून'ची सोय करते. पगार होतो तेव्हा मार, संपतो तेव्हा शांतता. आणि त्याहून मोठं काम म्हणजे ती जबाबदारी उचलते. 'मी नव्हतो गं, दारू होती,' असं त्याला म्हणता येतं. तिलाही तेच हवं असतं, कारण नवरा वाईट म्हणण्यापेक्षा बाटली वाईट म्हणणं सोपं. नवऱ्याला सोडलं तर जायचं कुठे? माहेरी भाऊ-भावजय, हातात पोर, नावावर ना घर ना शेत.

थोडं खरंखोटंही करूया. नवरा वारंवार पिऊन येतो त्या घरांत मारहाण कितीतरी जास्त असते, हे आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून वारंवार पुढे आलंय. पण दारूला कधी न शिवलेल्या घरांतही मारहाण आहेच. शिवाय 'भान नव्हतं' म्हणणारा हा माणूस पिऊन ठेकेदारावर हात उचलत नाही. पोलिसाला शिवी देत नाही. घरी येईपर्यंत त्याला भान असतं, उंबरठा ओलांडला की ते जातं. तुमच्या ओळखीतल्या 'कामाच्या टेन्शन'वाल्यालाही हीच परीक्षा लावा. बॉसवर तो कधी मोबाईल फेकून मारतो का?

आडवी बाटली

इथवर सगळं तसं ओळखीचं. आता या जिल्ह्यांतल्या बायकांनी काय केलं ते बघा.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली १९८०च्या दशकात. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यातल्या फारच थोड्या बायका त्याआधी कधी या त्रासासाठी डॉक्टरकडे गेल्या होत्या. शरीराचं दुखणं जिथे अंगावर काढायची सवय, तिथे मनाचं दुखणं कोण बोलून दाखवणार?

पण दारूबद्दल बायका बोलल्या. गावागावांत दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली आणि १९९३ मध्ये सरकारला गडचिरोलीत दारूबंदी करावी लागली. पुढे चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी आणि 'श्रमिक एल्गार'ने हा प्रश्न हातात घेतला. २०१० च्या डिसेंबरात हजारो बायका चिमूरहून पायी निघाल्या, थेट नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपुरात दारूबंदी लागू झाली. महाराष्ट्रात एक भन्नाट कायदेशीर सोयही आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या बायका मतदान करून दारूचं दुकान बंद करू शकतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला बहुमत मिळालं की दुकान बंद!

बंदीने सगळं सुटलं का? नाही. चंद्रपुरातली बंदी २०२१ च्या मे महिन्यात सरकारने उठवली. अवैध दारू आणि गुन्हे वाढल्याचं कारण दिलं. बंदी असावी की नसावी हा वाद मोठा आहे, तो इथे नको.

आपल्या विषयाच्या दृष्टीने लाखमोलाची गोष्ट वेगळीच आहे. ट्रॉमा बॉण्ड जगतो तो गुप्ततेवर. 'घरातली गोष्ट घरात' हे त्याचं खत-पाणी. जी बाई काल रात्री कण्हत होती, ती आज चावडीवर दहाजणींसमोर म्हणते, 'माझ्या घरी असं होतं.' मग दुसरी म्हणते, 'माझ्याही.' तिसरी नुसती रडते. त्या क्षणाला प्रत्येकीला कळतं की ही माझ्या नशिबाची किंवा माझ्या वागण्याची चूक नव्हती. दहा घरांत दहा वेगळ्या बायकांचा स्वयंपाक एकाच रात्री कसा बिघडेल?

नवऱ्याला लगेच सोडून देणं अनेकींना शक्यच नव्हतं. पण वाट बघणं त्यांनी सोडलं. 'तो सुधारेल' याऐवजी 'आपण काय करायचं' हा प्रश्न आला. गाठीची पहिली पीळ तिथे सुटते.

'मग निघून का नाही जात?'

हा प्रश्न आपण किती सहज विचारतो! मनातल्या मनात एक निकालही देऊन टाकतो. राहते आहे ना, म्हणजे तिला चालतंय.

याच प्रदेशातल्या एका खटल्याने हा तर्क किती धोक्याचा आहे ते देशाला दाखवलं. २६ मार्च १९७२, देसाईगंज पोलिस ठाणं, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा आणि आताचा गडचिरोली. एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर ठाण्यातच पोलिसांनी अत्याचार केला, असा आरोप होता. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा 'मथुरा खटला' म्हणून माहीत आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली. हतबल होऊन गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हटलं. पण सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत, मग विरोध कुठे केला, असा सूर होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

हे प्रकरण नात्यातलं नव्हतं. पण त्यातला धडा आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडतो. घाबरलेला माणूस गप्प बसतो. गप्प बसणं म्हणजे होकार नाही. आणि राहणं म्हणजेही होकार नाही.

आपल्या वन बीएचके-मधलं काय?

तुम्ही म्हणाल, आम्ही कमावतो, शिकलेलो आहोत, आमचं बँक अकाउंट आहे. आम्हाला कसलं काय! पण ताकदीचा फरक आपल्याकडे फक्त कपडे बदलून येतो. फ्लॅटचं अॅग्रीमेंट त्याच्या नावावर, डिपॉझिट तुमचं. फोनचं लोकेशन चोवीस तास ऑन. तुमचा पासवर्ड त्याला माहीत, त्याचा तुम्हाला नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, आलापल्लीसारख्या गावातून पुण्यात किंवा नागपुरात नोकरीला आलेल्या मुलीकडे तर शहरात माणूस म्हणावा असा तोच एक असतो. घरी सांगावं तर 'ये परत' हेच उत्तर मिळणार. म्हणून ती सांगत नाही. आणि हो, हे मुलांच्या बाबतीतही होतं, दोन मुलांच्या किंवा दोन मुलींच्या नात्यातही. त्यांना तर 'मला त्रास होतोय' म्हणायचीही लाज वाटते.

स्वतःला हे प्रश्न विचारून बघा:

• घरी जाताना त्याचा मूड कसा असेल याचा अंदाज घेत जाता का?

• त्याने काय केलं हे मैत्रिणीला सांगताना अर्धं गाळता का?

• भांडणानंतर माफी मागायचं काम, चूक कुणाचीही असो, तुमच्याकडेच असतं का?

• गेल्या वर्षभरात किती मित्र-मैत्रिणींशी बोलणं बंद झालं? कुणाच्या सांगण्यावरून?

• 'तो चांगला आहे' याचे पुरावे देताना सहा महिने मागे जावं लागतं का?

दोन-तीन उत्तरं 'हो' आली म्हणून लगेच निदान करू नका. भांडणं सगळ्याच जोड्यांत होतात. फरक एवढाच बघायचा, तुम्हाला त्याची भीती वाटते का? साध्या भांडणात राग येतो, कंटाळा येतो, भीती वाटत नाही.

बरं होणं, आपल्या गतीने

डटन आणि पेण्टर यांनी १९९३ मध्ये अशा नात्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या ७५ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिन्यांनी त्या माणसाबद्दलची ओढ किती कमी झाली होती? साधारण २७ टक्के. अर्ध्या वर्षानंतर जेमतेम पाव भाग! म्हणून ब्रेकअपनंतर तिसऱ्या महिन्यात रात्री त्याची आठवण आली, तर 'माझं खरं प्रेम होतं वाटतं' असा निष्कर्ष काढू नका. गाठ सुटताना ओढ बसतेच. आठवण येणं हा परत जाण्याचा सिग्नल नाही.

ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये आघातातून बरं होण्याचे तीन टप्पे सांगितले. आधी सुरक्षितता, मग झालेल्या गोष्टीची आठवण आणि तिचा शोक, आणि शेवटी माणसांशी पुन्हा जोडलं जाणं. क्रम महत्त्वाचा.

आधी सुरक्षितता. बाहेर पडण्याचा काळ सगळ्यात धोक्याचा असतो, कारण तेव्हा समोरच्याच्या हातून ताबा सुटतो. त्याने कधी गळा दाबला असेल, जिवे मारण्याची किंवा स्वतःला संपवण्याची धमकी दिली असेल, तर 'शेवटचं एकदा भेटून बोलू' हा मोह टाळा. आधार, पॅन, डिग्री, बँकेची कागदं आधी बाहेर काढा. थोडे पैसे वेगळे ठेवा. एका माणसाला तरी तारीख-वेळ सांगून ठेवा. पासवर्ड बदला, लोकेशन बंद करा. पण यामुळे तो चवताळेल असं वाटत असेल, तर हे बाहेर पडल्यावरच करा.

मग लिहून काढा. तारीख, काय झालं, तो काय म्हणाला, तुम्हाला काय वाटलं. डायरी त्याच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. आपलं मन चांगले दिवस मोठे करतं आणि वाईट दिवस पुसतं. वही पुसत नाही. उद्या पोलिसांत किंवा कोर्टात जायचं ठरलं तर तिचा उपयोगही होतो.

संपर्क तोडा. पूर्ण तोडता येत असेल तर पूर्ण. मूल आहे, एकच ऑफिस आहे, तर फक्त कामापुरतं आणि शक्यतो लेखी. सट्टापट्टीवाला आठवतोय ना? 'फक्त एकदा' लावून कुणीच थांबत नाही.

शोक होऊ द्या. तो माणूस वाईट होता, पण त्याच्यासोबत बघितलेली स्वप्नं तुमची होती. ती गेली याचं दुःख होणारच. आघातावर काम करणारा समुपदेशक मिळाला तर उत्तम. एक मात्र लक्षात ठेवा. मारहाण सुरू असताना दोघांनी मिळून कौन्सेलिंगला जाणं सुरक्षित नसतं. तिथे खरं बोललं की घरी त्याची किंमत मोजावी लागते.

आणि माणसांत या. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बायकांकडून उचलायची ती हीच गोष्ट. तुटलेल्या मैत्रिणीला मेसेज करा. 'खूप दिवसांनी, सॉरी, भेटायचं का?' एवढंच पुरेसं आहे.

तुम्ही मैत्रीण असाल तर…

'सोड त्याला, नाहीतर मला फोन करू नकोस,' असं चुकूनही म्हणू नका. तो नेमकी त्याचीच वाट बघत असतो. त्याला शिव्या घातल्या तर ती त्याची वकील होते. त्यापेक्षा 'तुझ्यावर माझा विश्वास आहे, तुझी चूक नाही, कधीही ये' असं म्हणा. ती परत गेली तरी दार बंद करू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) लग्न झालेल्या सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागितली ती फक्त १४ टक्क्यांनी. तुमच्या ऑफिसच्या मजल्यावर किती बायका आहेत? करा गणित.

फोनमध्ये सेव्ह करा

• ११२: तातडीची पोलिस मदत. १८१: महिला हेल्पलाइन.

• १४४१६: 'टेली-मानस', मानसिक आरोग्यासाठी सरकारी मोफत सेवा, २०२२ पासून.

• १५१००: कायदेशीर मदत. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो.

• कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक, चारही प्रकारचा छळ त्यात येतो. लग्नासारख्या लिव्ह-इन नात्यालाही तो लागू होतो. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, तक्रार त्यांच्याकडेही देता येते.

• एकत्र राहत नसाल आणि तो पाठलाग करत असेल, सतत मेसेज करून छळत असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे.

• 'सखी' वन स्टॉप सेंटर: तात्पुरता निवारा, डॉक्टर, पोलिस आणि समुपदेशन एकाच छताखाली.

पुढच्या वेळी कुणी 'तो तसा चांगला आहे गं' म्हणालं, तर लगेच वाद घालू नका. फक्त एक विचारा, "आणि तो चांगला नसतो तेव्हा तू काय करतेस?" मग गप्प बसा आणि ऐका. कदाचित ती पहिल्यांदाच ते मोठ्याने सांगत असेल.